मैदान बघावं बिबट्याकडून

बेळगावात पत्ता सांगताना गोल्फ कोर्स फार उपयोगी पडतो. "गोल्फ कोर्सच्या कडेनं सरळ या", "गोल्फ कोर्स संपला की वळा", "गोल्फ कोर्स लागला म्हणजे तुम्ही पुढं आलात, मागं फिरा". रिक्षावाला, सिलिंडरवाला, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे, सगळ्यांना तो माहीत असतो. पण आत काय असतं असं विचारलं की गावाचं ज्ञान एका वाक्यात आटपायचं : "आत मिलिटरीवाले काठीनं बॉल मारत्यात." कुणाला मारतात, कशासाठी मारतात आणि मारून झाल्यावर त्याच्यामागं चालत का जातात, हे विचारण्याची आमच्यात पद्धत नव्हती. छावणीच्या गावात राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट लहानपणीच कळते. तारेच्या पलीकडं जे चाललंय ते देशासाठी चाललंय.

छावणीच्या गावातल्या गोल्फ कोर्सचा कारभार निम्मा उघडा आणि निम्मा बंद असतो. जमीन लष्कराची, खेळणारे बहुतेक वर्दीतले, त्यांच्या जोडीला वर्गणी भरून आत शिरलेले काही नागरिक, आणि उरलेला गाव कुंपणाला नाक लावून. गंमत अशी, की देशभरातल्या लष्करी गोल्फ कोर्सांना सरकारी कागदात गोल्फ कोर्स म्हणत नाहीत. तिथं नाव आहे 'आर्मी एन्व्हायर्न्मेंटल पार्क अँड ट्रेनिंग एरिया'. पर्यावरणाचं उद्यान आणि प्रशिक्षणाचं क्षेत्र. हे नाव आजवर कुणीही फारसं मनावर घेतलं नव्हतं. ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावात एका बिबट्यानं ते घेतलं. पर्यावरण म्हणून तो स्वतः आत राहायला आला आणि प्रशिक्षण त्यानं वनखात्याला दिलं.

त्या महिन्यात गावाला पहिल्यांदा गोल्फ कोर्स समजला. बिबट्या नसता तर आम्ही आणखी तीन पिढ्या त्याचा उपयोग वळण सांगण्यासाठीच केला असता.

आधी खेळाबद्दल चार शब्द. गोल्फ हा जगातला एकमेव खेळ असावा जिथं प्रतिस्पर्धी म्हणून जमीन नेमलेली असते. समोरचा माणूस आपलं काहीही बिघडवत नाही. उलट तो "वेल प्लेड" म्हणतो. बिघडवण्याचं सगळं खातं मैदानाकडं. ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नसलेला एक चेंडू, जास्तीत जास्त १४ काठ्या, आणि शेकडो यार्डांवर सव्वाचार इंच व्यासाचं एक भोक, म्हणजे आमटीच्या वाटीपेक्षा थोडं मोठं. अशी भोकं अठरा. अठराच का, तर स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी १७६४ साली आपल्या मैदानावरच्या छोट्या होलांची जोडाजोडी केली आणि बावीसाच्या फेरीची अठराची फेरी झाली. त्यांच्या गावच्या जागेचा हिशेब पुढं साऱ्या जगाचा नियम झाला. आपल्याकडं एका गावच्या जागेचा हिशेब शेजारच्या गावालासुद्धा मान्य होत नाही.

त्याच स्कॉटलंडमध्ये १४५७ साली संसदेनं गोल्फवर बंदी घातली होती. लोक तिरंदाजीचा सराव सोडून गोल्फ खेळत बसतात, युद्ध आलं तर लढणार कोण, अशी दुसऱ्या जेम्स राजाच्या दरबाराला काळजी. ज्या खेळानं फौज बिघडते म्हणून बंदी घातली, तोच खेळ पुढं इंग्रजांची फौज जिथं जिथं गेली तिथं तिथं तंबूंबरोबर घेऊन गेली. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला. मग छावणी तिथं चर्च, दफनभूमी आणि गोल्फ, असा क्रम लागला. हिंदुस्थानच्या उन्हात भोकाभोवतीच्या 'ग्रीन'वरचं गवत टिकेना, तेव्हा कित्येक छावण्यांत साहेबानं वाळूत तेल कालवून ती चोपून बसवली, तिला 'ब्राऊन' म्हटलं, आणि खेळ चालू ठेवला. गोऱ्या माणसानं आपल्या देशात पाहिजे ते बदललं. पण स्वतःचा बेत बदलायची वेळ आली तेव्हा त्यानं फक्त रंगाचं नाव बदललं.

आता मैदानाची आखणी. प्रत्येक होलची सुरुवात टीवर आणि शेवट ग्रीनवर. दोन्हींच्या मध्ये जो कापलेल्या गवताचा पट्टा, तो फेअरवे. सज्जन चेंडूंनी तिथं राहावं अशी अपेक्षा असते. दोन्ही बाजूंना वाढू दिलेलं गवत, झाडोरा, तो रफ. बहुसंख्य चेंडू तिथं राहतात. अधूनमधून वाळूचे खड्डे, ते बंकर. फार आत्मविश्वास आलेल्या माणसासाठी. आखणी करणाऱ्याचं कसब असं की दोन रस्ते ठेवायचे : एक लांबचा पण सुखरूप, आणि एक जवळचा पण बंकरवरून जाणारा. मग खेळणाऱ्याच्या स्वभावावर सोडून द्यायचं. मैदानाचा स्वभाव म्हणतात तो हाच, तुमचा स्वभाव किती लवकर उघडा पाडतं ते. कर्नलसाहेब जवळच्या रस्त्यानं जातात. वर्गणीवाला नागरिक लांबच्या रस्त्यानं. आणि दोघेही रफमध्ये भेटतात.

या कलेतला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी. अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल त्यानं बॉबी जोन्सबरोबर आखलं. गडी पेशानं डॉक्टर. बोअर युद्धात ब्रिटिश फौजेबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेला आणि तिथं त्यानं पाहिलं की बोअर शेतकरी उघड्या माळावर असे दडतात की समोरच्या फौजेला माळच दिसतो, माणूस दिसत नाही. ते त्याच्या मनात बसलं. पहिल्या महायुद्धात त्यानं सैनिकांना दडण्याची विद्या शिकवली आणि मग उरलेलं आयुष्य तीच विद्या गोल्फ खेळणाऱ्यांवर वापरली. उंचवटा असा घडवायचा की तो देवानं केला असं वाटावं. ग्रीन जवळ दिसावी आणि ती लांब असावी. लपवण्याची कला आणि मैदान आखण्याची कला या सख्ख्या बहिणी आहेत, असं त्याचं मत होतं.

मॅकेन्झीनं बेळगाव पाहिलं नव्हतं. पण त्याचा सिद्धान्त बेळगावइतका पुरेपूर कुठंही सिद्ध झाला नसेल.

५ ऑगस्ट २०२२ रोजी जाधवनगरात बिबट्या दिसला आणि त्यानं बांधकामावरच्या एका मजुराला जखमी केलं. त्या मजुराच्या घरावर जे गुदरलं त्यात विनोद नाही. विनोद त्यानंतरचा आहे. बिबट्या तिथून गोल्फ कोर्सच्या बाजूला सरकला आणि एखाद्या जुन्या सदस्यासारखा आत नाहीसा झाला. जून-जुलैचा बेळगावी पाऊस पिऊन गवत वाढलेलं, झाडी दाट, जागा शेकडो एकर. खेळणाऱ्याच्या वाईट फटक्यासाठी जी जी सोय करून ठेवली होती ती सगळी त्यानं आपल्यासाठी घेतली. अंगावर ठिपके जन्मतःच होते.

आजूबाजूच्या २२ शाळांना सुट्टी मिळाली. बेळगावच्या इतिहासात मुलांनी इतक्या मनापासून प्रार्थना केल्याचं दुसरं उदाहरण नसेल, आणि तीही रोज सकाळी शाळेत जाऊन करावी लागत नव्हती. बिबट्या सापडावा म्हणून आया नवस बोलत होत्या, सापडू नये म्हणून मुलं. ज्या घरात दोन्ही नवस एकाच देवाला बोलले गेले तिथल्या देवाची अवस्था वनखात्यासारखी झाली.

वनखात्यानं प्रयत्नांत कसूर केली नाही. पिंजरे लागले, झाडांना कॅमेरे लागले, वरून ड्रोन फिरले. कर्मचारी रांगा धरून गवतात उतरले. बिबट्या मात्र मैदानाच्या आखणीला जागला. जिथं पिंजरा तिथं तो नाही, जिथं तो तिथं कॅमेरा नाही. २२ ऑगस्टला तो क्लब रोडवर रस्ता ओलांडताना मोबाईलमध्ये टिपला गेला. पंधरा दिवस ज्याला शोधायला माणसं आत गेली होती तो बाहेर आला होता. गोल्फमध्ये असं होतं. माणूस रफमध्ये वाकून वाकून बघत असतो आणि चेंडू फेअरवेच्या मधोमध बसून त्याच्याकडं बघत असतो.

मग शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून दोन हत्ती आले. हत्तीच्या पाठीवरून बघितलं की गवताच्या आतलं दिसतं, हा त्यामागचा हिशेब. हिशेब बरोबरच होता. पण गोल्फ खेळणाऱ्या माणसाचा जीव वेगळ्या ठिकाणी असतो. ग्रीनवरचं गवत मिलिमीटर मोजून कापतात, तिथं बुटाचे लोखंडी खिळे चालत नाहीत, चेंडू पडून खळगा झाला तर तो नीट करून मगच पुढं जायचं, अशी शिस्त. त्या शिस्तीच्या माणसाला रात्री झोपेत हत्ती ग्रीन ओलांडताना दिसत असणार. बिबट्या गेला तरी चालेल, पण हत्तीला बंकरच्या कडेनं न्या, असं म्हणायचं धाडस मात्र कुणी केलं नाही. हत्तीच्या पावलाचा खळगा नीट कसा करायचा, हे कुठल्याही क्लबच्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

आमचे निपाणीचे मामा याच आठवड्यात आले. मामांचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. पान हातात घेतलं की जात, ओल आणि भाव एका दमात सांगणारा माणूस. निपाणीहून रोज फोन असायचा, "घावला काय ओ?" आणि नाही म्हटलं की त्यांना बरं वाटायचं. जिल्हा एकच असला तरी बेळगावची फजिती निपाणीला गोड लागते. शेवटी फोनवर भागेना म्हणून ते स्वतः आले, कुंपणाबाहेर उभे राहिले, आणि आत बराच वेळ बघून म्हणाले,

"एवढी जमीन, आणि पीक काय घेत्यात?"

"मामा, हे खेळायचं मैदान आहे."

"त्ये कळलं मला. पर ह्यो मधला पट्टा कापलाय, मग कडंचा का ठेवलाय?"

त्यांना रफ समजावून सांगितला. चेंडू चुकीचा मारला तर शिक्षा म्हणून तो तिथं हरवावा, अशी व्यवस्था आहे म्हटलं. मामा चकित झाले. त्यांच्या साऱ्या आयुष्यात नुकसान आपोआप होत आलं होतं. माणूस, पाऊस, दलाल, सरकार, सगळ्यांनी ते फुकट करून दिलं होतं. पदरचे पैसे खर्चून आणि माळी ठेवून नुकसानीची सोय करून घेणारे लोक त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. मग हँडिकॅप सांगितला : ज्याचा खेळ जितका कच्चा तितके जास्त फटके त्याला माफ. मामांनी मान डोलावली. "हे चांगलं हाय. दाखला कुठल्या कचेरीत मिळतोय?"

गावात तेव्हा सगळीकडं असाच वर्ग चालू होता. टिळकवाडीपासून शहापूरपर्यंत चहाच्या गाड्यावर फेअरवे, बंकर, रफ हे शब्द रोजच्या बोलण्यात आले. आयुष्यात काठी न धरलेला माणूस "त्यो सातव्या होलच्या पाठीमागं असतोय बघा" असं छातीठोक सांगू लागला. सातवं होल कुठं आहे असं विचारलं तर त्याचं उत्तर असायचं, "सहाव्याच्या पुढं." आमच्याकडं कुस्ती बघायला जाणारा प्रत्येक माणूस वस्ताद असतो, त्या हिशेबानं ऑगस्ट संपेपर्यंत बेळगावात काही लाख गोल्फपटू तयार झाले. त्यातल्या कुणालाही कुंपणाच्या आत प्रवेश नव्हता. अर्धवट खुल्या मैदानाचा हा फायदा असतो. आत जाऊ दिलं नाही की जाणकार वाढतात.

खेळाच्या नियमांत या प्रसंगाची तरतूद आहे का, हेही पाहिलं. आहे. नियम १६.२, धोकादायक प्राणी. तुमच्या चेंडूजवळ विषारी साप, डसणाऱ्या माश्या, मगर, लाल मुंग्या किंवा अस्वल असं काही असेल तर चेंडू उचलून सुरक्षित जागी ठेवा, दंड नाही. यादीत बिबट्याचं नाव नाही, पण ती उदाहरणांची यादी आहे, तेव्हा आपलाही माणूस त्यात बसतो. अटी दोन : जवळात जवळच्या सुरक्षित जागेपासून एका काठीच्या अंतरात चेंडू टाकायचा, आणि होलच्या आणखी जवळ जायचं नाही. म्हणजे समोर बिबट्या उभा असताना तुम्ही पिशवीतून काठी काढून अंतर मोजायचं, आणि पळताना होलच्या दिशेनं पळायचं नाही. काटेरी झुडपाला मात्र ही सवलत नाही. नियम करणाऱ्यांच्या मते बिबट्या हा अपघात आहे आणि बाभळ हे तुमचं कर्म.

यात हसण्यासारखं काही नाही असं गोल्फवाल्यांना वाटतं, कारण त्यांनी याहून मोठ्या प्रसंगात नियम सोडले नाहीत. १९४० मध्ये लंडनजवळच्या रिचमंड क्लबच्या मैदानावर जर्मन बॉम्ब पडू लागले तेव्हा क्लबनं जादा नियम काढले. त्यातला एक असा, की फटका मारत असतानाच बॉम्ब फुटला आणि फटका बिघडला तर त्याच जागेवरून दुसरा चेंडू मारण्याची मुभा आहे. दंड एक फटका. बॉम्ब हिटलरचा आणि दंड खेळणाऱ्याला! ज्यांनी असा न्याय सोसला त्यांना वाटाघाटीत हरवणं अवघडच.

पण सीमाभागातल्या माणसाचं खरं मन ज्या नियमांत गुंततं ते हद्दीचे. मैदानाची हद्द पांढऱ्या खुंट्यांनी दाखवतात. चेंडू हद्दीबाहेर गेला तर एक फटका दंड, आणि जिथून मारला तिथं परत यायचं. हा नियम मामांना सांगावा लागला नाही. १९५६ ला राज्यं झाली, १९६७ ला महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ ला महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि प्रत्येक फटक्यानंतर आम्ही जिथून मारला तिथंच येऊन उभे आहोत. दंड दर वेळी वेगळा. गोल्फच्या भाषेत एक 'प्रोव्हिजनल' चेंडूही असतो : पहिला हरवला असेल अशी शंका असेल तर शोधायला जायच्या आधी दुसरा मारून ठेवायचा. सीमाभागातलं प्रत्येक घर हे करतं. मोठा मुलगा मराठी शाळेत, धाकटा कन्नड माध्यमात, आणि मुलगी इंग्रजीत. जो सापडेल तो खेळात.

त्यातही एक बारकावा असा आहे की तो वाचल्यावर मामांनी चष्मा काढून पुसला. चेंडू पूर्णपणे रेषेबाहेर गेला असेल तरच तो हद्दीबाहेर. त्याचा एवढासा भाग जरी हद्दीला टेकलेला असला, तरी तो आतला. मामा म्हणाले, "हे कुणी लिवलंय? त्येला एकदा निपाणीला बोलवा."

आणि शोधण्याची मुदत! चेंडू हरवला तर शोधायला तीन मिनिटं. पूर्वी पाच असायची, २०१९ पासून तीन केली. तीन मिनिटांत मिळाला नाही तर तो कायद्यानं हरवला. नंतर पायाखाली सापडला तरी उपयोग नाही. हे वाचून मला गोल्फबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. एखादी गोष्ट सापडत नाही हे तीन मिनिटांत मान्य करायला फार मोठी संस्कृती लागते. आमच्याकडं चाळीस वर्षांपूर्वी वाटणीत हरवलेला बांध अजून शोधतात. बिबट्याचा शोध महिनाभर चालला. सप्टेंबर उजाडला तरी तो हाती लागला नाही, आणि मग हळूहळू शाळा भरल्या, हत्ती परत गेले, पिंजरे उचलले. तो खानापूरच्या जंगलाकडं निघून गेला असावा, असं लोक एकमेकांना सांगू लागले. खेळाडूंच्या भाषेत त्याची फेरी पूर्ण झाली होती, स्कोअर कुणालाच न दाखवता.

मैदानाची परीक्षा करायला क्लब बाहेरून तज्ज्ञ बोलावतात. ते येतात, होलांची लांबी बघतात, ग्रीनचा उतार बघतात, गुण देतात. बेळगावच्या मैदानाची परीक्षा इतकी कसून झाली की दुसऱ्या कुठल्या मैदानाच्या नशिबी ती येणार नाही. एक अख्खा बिबट्या, शेपटीसकट, शेकडो डोळे, ड्रोन, कॅमेरे आणि दोन हत्ती यांच्यासमोर महिनाभर त्यात मावला. रफ कसा असावा याचं यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नाही. मॅकेन्झी असता तर त्यानं जागा मोजायला माणूस पाठवला असता.

मामांना परत जाताना हे सगळं सांगितलं. गाडी गोल्फ कोर्सच्या कडेनं हायवेकडं निघाली होती. त्यांनी खिडकीतून त्या गवताकडं बघितलं, मनात काही हिशेब केला, आणि मिलिटरीबद्दलचं त्यांचं मत त्या दिवशी कायमचं ठरलं.

"हत्तीवर बसून ढाण्या जनावर दिसंना झालंय ज्या गवतात," मामा म्हणाले, "त्यात एवढासा बॉल हुडकायला जो गडी पायउतार होऊन शिरतोय, त्येला मेडल उगंच देत न्हाईत बाबा!"